ट्रॅफिक मॉनिटरिंगचं लायसन्स घेण्याआधी: ते नक्की काय मोजतं?

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

मार्च जवळ आला की माझ्याकडे एकच प्रश्न फिरून फिरून येतो: "बजेट शिल्लक आहे, नेटवर्कचं ट्रॅफिक बघायचं सॉफ्टवेअर घ्यायचंय, कुठलं घेऊ?" आमची छोटी फर्म सांगली-कोल्हापूर पट्ट्यातली काही कॉलेजं, रुग्णालयं आणि साखर कारखाने यांचं नेटवर्क सांभाळते. विचारणाऱ्याच्या हातात तीन कोटेशनं असतात. एकात ५०० सेन्सर, दुसऱ्यात २५ इंटरफेस, तिसऱ्यात १०० नोड. मग साहेब सगळ्यात कमी रकमेसमोर टिकमार्क करतात आणि पर्चेस ऑर्डर निघते. एकाने साखरेचा भाव किलोवर, दुसऱ्याने पोत्यावर आणि तिसऱ्याने ट्रकवर सांगावा, आणि आपण नुसते आकडे बघून सौदा करावा, तसं हे होतं.

म्हणून माझं सांगणं एवढंच असतं, की किंमत नंतर बघा. आधी हे सॉफ्टवेअर कशाचे पैसे घेतं ते समजून घ्या, आणि आपल्याला काय बघायचंय ते एका कागदावर लिहून काढा. हा धागा त्यासाठीच काढतोय. माझ्याकडचं सांगतो, तुमच्याकडचं येऊ द्या.

ट्रॅफिक बघायच्या तीन पातळ्या आहेत. पहिली एसएनएमपी, म्हणजे उपकरणांना त्यांची स्थिती विचारायची ठरलेली पद्धत. राउटरला किंवा स्विचला दर काही मिनिटांनी विचारायचं, ह्या पोर्टमधून आतापर्यंत किती बाइट गेले? दोन उत्तरांतला फरक घेतला की वेग मिळतो. लाइन किती भरली हे कळतं, कोणी भरली हे कळत नाही. दुसरी पातळी फ्लोची. कुठल्या आयपीने (उपकरणाच्या नेटवर्कवरच्या पत्त्याने) कुठल्या आयपीशी, कुठल्या पोर्टवर (इथे पोर्ट म्हणजे सेवेचा क्रमांक), किती बाइटची देवाणघेवाण केली याच्या नोंदी राउटर स्वतःच पाठवतो. सिस्कोने नव्वदच्या दशकात आणलेलं नेटफ्लो हे त्याचं मूळ. त्याची आवृत्ती ५ फक्त आयपीव्ही४ (जुन्या पद्धतीचे पत्ते) ओळखते. आवृत्ती ९ आणि तिच्यावरून तयार झालेलं आयपीफिक्स आयपीव्ही६ सुद्धा घेतात. एसफ्लो थोडं वेगळं आहे, त्यात ठरावीक पॅकेटांमागे (माहितीच्या तुकड्यांमागे) एक नमुना उचलतात. तिसरी पातळी म्हणजे प्रत्यक्ष पॅकेट पकडून वाचणं, वायरशार्क ह्या मुक्त सॉफ्टवेअरचं काम. ते रोज चालू ठेवायचं नसतं, अडलं की उघडायचं असतं.

आता लायसन्स. पीआरटीजी (न्यूरेंबर्गची पेसलर कंपनी) सेन्सरवर मोजतं. सेन्सर म्हणजे उपकरण नव्हे, उपकरणातली एक मोजण्याची गोष्ट. एका पोर्टचं ट्रॅफिक एक सेन्सर, पिंग (उपकरण उत्तर देतंय का ते बघणारी हाक) दुसरा, सीपीयू तिसरा. २४ पोर्टांच्या एका स्विचला ऑटो-डिस्कव्हरी (आपोआप शोधून सेन्सर लावणं) सोडलीत तर तो एकटाच २५-३० सेन्सर खातो. १०० सेन्सरपर्यंत हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि ते व्यवसायातही वापरता येतं. ३० दिवसांची चाचणी संपली की ते आपोआप ह्या फुकट आवृत्तीवर येतं. मॅनेजइंजिनचं (म्हणजे आपल्या चेन्नईच्या झोहोचं) नेटफ्लो अ‍ॅनालायझर इंटरफेसवर (म्हणजे पोर्ट किंवा जोडणीवर) मोजतं, फुकट आवृत्तीत २ इंटरफेस. सोलरविंड्सच्या जुन्या मॉड्यूल पद्धतीत नोड (उपकरण), इंटरफेस आणि व्हॉल्यूम (डिस्कचा भाग) हे तिन्ही मोजून त्यातला सगळ्यात मोठा आकडा धरतात, आणि फ्लो बघायचं मॉड्यूल त्यांच्या मूळ मॉनिटरवर वेगळं विकत घ्यावं लागतं. झॅबिक्स, लिब्रेएनएमएस ही मुक्त सॉफ्टवेअरं, त्यांत मोजदादच नाही.

कोटेशन मागताना मी एक वाक्य नेहमी टाकतो: "वर्गणीची मुदत संपल्यावर जुने आलेख बघता येतील का, आणि माहिती कुठल्या स्वरूपात बाहेर काढता येईल?" पीआरटीजीने २०२४ पासून नवीन ग्राहकांना फक्त वर्गणी ठेवली आहे, कायमचं लायसन्स मिळत नाही. बाकी कंपन्याही त्याच वाटेने चालल्या आहेत. ह्या एका ओळीचं उत्तर लेखी घेतलंत तर पुढच्या वर्षी रिन्यूअलच्या वेळी घासाघीस करायला हातात काहीतरी राहतं.

तुमच्याकडे काय वापरता? कोटेशनातली मेख कुठे सापडली?


पोर्ट_मास्तर

उत्तम धागा. वाचनखूण साठवली.

सेन्सरबद्दल एक भर. लायसन्सची मर्यादा ओलांडली की पीआरटीजी जास्तीचे सेन्सर थांबवून ठेवतं. पटलावर सगळं हिरवं दिसतं आणि नवा लावलेला सेन्सर एका कोपऱ्यात निळा होऊन पडलेला असतो, तो कोणी बघत नाही. म्हणून ऑटो-डिस्कव्हरी एकदा चालवून घ्यायची आणि मग हाताने साफसफाई करायची. ज्या पोर्टवर प्रिंटर किंवा एकच पीसी आहे, त्या पोर्टचं ट्रॅफिक रोज कोण बघणार आहे? अपलिंक (वरच्या उपकरणाकडे जाणारा पोर्ट), सर्व्हरचे पोर्ट आणि वायफायच्या कंट्रोलरकडे जाणारा पोर्ट एवढे ठेवले तरी बऱ्याच ठिकाणी काम भागतं.


गोदाकाठची

मी नाशिकच्या एका रुग्णालयात आयटी बघते. नेमकी ह्याच कोटेशनवर आमची गाडी अडली आहे. विक्रेत्याने १००० सेन्सरचं लायसन्स सुचवलंय. आमच्याकडे १४ स्विच, फायरवॉल २ (एक चालू, एक राखीव), ४ सर्व्हर, इंटरनेटच्या २ लाइनी. तक्रार एकच आहे, संध्याकाळी रेडिओलॉजिस्ट घरून सीटी स्कॅन उघडतात तेव्हा ते फार हळू येतं. १००० खरंच लागतील का?


कृष्णाकाठ

ताई, चला मोजूया.

स्विचला प्रत्येकी चार: पिंग, सीपीयू, अपलिंक एक, आणि जोड-अपलिंक असेल तर दुसरी. १४ गुणिले ४, झाले ५६. फायरवॉलला प्रत्येकी पाच: पिंग, सीपीयू, दोन्ही वॅन (इंटरनेटकडचे) पोर्ट, एक लॅन (आतल्या नेटवर्कचा) पोर्ट. दोघांचे मिळून १०. सर्व्हरला प्रत्येकी पाच धरा (पिंग, सीपीयू, मेमरी, डिस्क, नेटवर्क कार्ड), झाले २०. दोन्ही इंटरनेट पुरवठादारांच्या गेटवेला एकेक पिंग, २. एकूण ८८. म्हणजे फुकट मर्यादेत बसूनही १२ उरतात. विक्रेत्याने बहुतेक सगळ्या स्विचचे सगळे पोर्ट धरले असावेत. तुमच्या तक्रारीसाठी त्यांचा उपयोग नाही.

आणि तुमची तक्रार बघता मला ट्रॅफिकची दिशा महत्त्वाची वाटते. रेडिओलॉजिस्ट घरून चित्र उघडतात तेव्हा तुमच्या बाजूने अपलोड होतं. लाइन घेताना आपण डाउनलोडचा आकडा बघतो. ब्रॉडबँड पद्धतीच्या काही लाइनींत अपलोड त्याहून बरंच कमी असतं. वॅन पोर्टचा बाहेर जाणाऱ्या दिशेचा आलेख संध्याकाळी सपाट छत लागल्यासारखा दिसला, तर दुखणं तिथेच आहे. त्याच वेळी बॅकअप क्लाउडवर जातोय का, तेही बघा.


गोदाकाठची

८८! हा कागद मी उद्याच प्रशासनाच्या टेबलावर ठेवते. बॅकअपचं तुम्ही म्हणालात ते लक्षात आलं, आमचा बॅकअप सातला सुरू होतो. दोन दिवस आलेख बघून लिहीन.


बत्तीस_बिट

माझा आवडीचा विषय, थोडं लांबेल.

एसएनएमपीत पोर्टच्या बाइटचा एक गणक असतो. जुना गणक ३२ बिटांचा आहे. तो ४,२९,४९,६७,२९५ बाइटपर्यंत जातो आणि पुन्हा शून्यावर येतो. गणित करून बघा. १०० मेगाबिटची लाइन पूर्ण भरून वाहिली तर हा गणक साधारण ३४३ सेकंदांत, म्हणजे पावणेसहा मिनिटांत एक फेरी पूर्ण करतो. दर ५ मिनिटांनी विचारत असाल तर कसंबसं जमतं. पण १ गिगाबिटच्या पोर्टवर तीच फेरी ३४ सेकंदांत होते! मध्ये आठ-नऊ फेऱ्या होऊन गेल्या तरी सॉफ्टवेअरला जास्तीत जास्त एकच फेरी कळते.

याचा दृश्य परिणाम असा: ५ मिनिटांच्या अंतराने ३२ बिटांचा गणक वाचला, तर आलेखावरचा वेग ११४-११५ मेगाबिटच्या वर जाऊच शकत नाही. लाइन ६०० ने वाहत असली तरी आलेखात खाली-वर नाचणारी करवत दिसते आणि तिचा माथा ११५ च्या आसपास कापलेला असतो. एका ठिकाणी ह्या आलेखाच्या जोरावर व्यवस्थापनाने पुरवठादाराला पत्र लिहिलं होतं, की गिगाबिटचे पैसे घेता आणि १०० च देता. पुरवठादार बिचारा खरा होता.

उपाय: ६४ बिटांचा गणक वाचा. त्यासाठी एसएनएमपीची आवृत्ती २सी किंवा ३ हवी, कारण आवृत्ती १ ला ६४ बिटांचे गणक कळतच नाहीत. बऱ्याच जुन्या सेटअपांत कोणीतरी केव्हातरी आवृत्ती १ निवडून ठेवलेली असते आणि लाइन १०० वरून गिगाबिटवर गेली तरी ती तशीच राहते. महागातलं महाग लायसन्स घेतलंत तरी ही निवड सॉफ्टवेअर तुमच्यासाठी बदलत नाही.

आणि हो, कम्युनिटी स्ट्रिंग (एसएनएमपीचा पासवर्डसारखा शब्द) 'पब्लिक' ठेवू नका. २सी मध्ये ती उघडीच फिरते. आवृत्ती ३ मध्ये ओळख तपासणी आणि कूटबद्धता दोन्ही आहेत.


पोर्ट_मास्तर

+१. माथा कापलेली करवत मीही पाहिली आहे. तिचं कारण आज इतकं स्वच्छ कळलं.


किनारा_केबल

आम्ही रत्नागिरी जिल्ह्यात छोटे इंटरनेट पुरवठादार आहोत. आमच्यासाठी ट्रॅफिक मोजणं म्हणजे थेट बिल. वरच्या पुरवठादाराशी आमचा करार ९५ व्या पर्सेंटाइलचा आहे. दर ५ मिनिटांनी एक नोंद, ३० दिवसांच्या ८,६४० नोंदी. त्या उतरत्या क्रमाने लावायच्या, वरच्या ५ टक्के म्हणजे ४३२ सोडून द्यायच्या, आणि पुढच्या नोंदीवर बिल. ४३२ नोंदी म्हणजे ३६ तास. महिन्यात ३६ तासांपर्यंत लाइन कितीही उसळली तरी बिलावर परिणाम नाही. गणपतीत चाकरमानी गावी आले की रोज रात्री चार-पाच तास ट्रॅफिक वर असतं. पाच-सात दिवस निभावतात, पण मुक्काम वाढला की ३६ तास ओलांडतात आणि सगळ्या महिन्याचं बिल चढतं.

आम्ही लिब्रेएनएमएस वापरतो. त्यात हे बिलिंग आतच आहे, सगळे पोर्ट आपोआप येतात आणि पोर्टामागे पैसे नाहीत. सेन्सर किंवा इंटरफेसवर मोजणारं सॉफ्टवेअर आमच्यासारख्याला परवडणारच नाही, कारण आमचा धंदाच पोर्टांचा. स्वतःचा आकडा स्वतःजवळ असला की वरच्या पुरवठादाराशी बोलताना आवाजात जोर येतो, हे मनापासून सांगतो.

परवानाधारकांसाठी एक आठवण: डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीनंतर वापराच्या नोंदी किमान २ वर्षं जपून ठेवायच्या आहेत. आलेख काढणारं सॉफ्टवेअर ते काम करत नाही. जुनी माहिती ते सरासरी काढून आक्रसत नेतं. नोंदींसाठी वेगळी व्यवस्था लागते.


झुळूक

प्रश्न बाळबोध असेल तर माफ करा. मी घरून काम करतो. घरात माझा लॅपटॉप, बायकोचा लॅपटॉप, टीव्ही, मुलांचे फोन. महिनाअखेर वेग घटतो, डेटा कोण संपवतं ते बघायचंय. नेटवर्क्स नावाचं एक छोटं सॉफ्टवेअर मी पूर्वी फुकट वापरायचो, आता ते पैसे मागतं. जुनी फुकट आवृत्ती वापरत राहिलो तर बेकायदा आहे का?


कृष्णाकाठ

प्रश्न अजिबात बाळबोध नाही. जी आवृत्ती फुकट म्हणून दिली होती, ती तिच्याच अटींवर वापरायला साधारणपणे हरकत नसते. ती मिळाली तेव्हाचा लायसन्सचा मजकूर एकदा वाचून घ्या. अडचण दुसरी आहे, जुन्या आवृत्तीला सुरक्षेचे अपडेट येत नाहीत. आणि ती कुठल्याही तिऱ्हाईत साइटवरून उतरवू नका.

पण तुमच्या प्रश्नाला ते सॉफ्टवेअर मुळात उत्तर देऊ शकत नाही. लॅपटॉपवर बसवलेला मीटर त्याच लॅपटॉपचं ट्रॅफिक मोजतो. टीव्ही काय खातो हे त्याला दिसत नाही. सगळं घर ज्या एका ठिकाणाहून जातं, तिथे मोजायला हवं, म्हणजे राउटरवर. आधी राउटरच्या पानावर उपकरणवार वापर दिसतो का ते बघा. नसेल आणि राउटर ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीचं मुक्त सॉफ्टवेअर) चालवू शकत असेल तर त्यात उपकरणवार हिशेब ठेवता येतो. लिनक्सचा एखादा जुना पीसी मध्ये बसवलात तर व्हीएनस्टॅट आहे, मुक्त आणि अगदी हलकं, पण ते पूर्ण इंटरफेसचा हिशेब देतं, उपकरणाचा नाही.


सावली_एस

मी वकील नाही, पण अनुपालनाचं काम करते म्हणून कायद्याच्या बाजूने लिहिते.

क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर 'चाचणीपुरतं' चालवणाऱ्यांसाठी: कॉपीराइट कायदा १९५७, कलम ६३ब. प्रत बेकायदा आहे हे माहीत असून संगणकावर वापरली तर किमान ७ दिवस ते कमाल ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. हे वापरणाऱ्याला लागू आहे, नुसत्या विकणाऱ्याला नाही.

पण मला शिक्षेपेक्षा मोठा धोका दुसराच वाटतो. मॉनिटरिंगच्या सर्व्हरवर काय काय असतं बघा: प्रत्येक स्विचची स्ट्रिंग, सर्व्हरचे लॉगिन, पूर्ण नेटवर्कचा नकाशा. घुसखोराला हवं ते सगळं एकाच ठिकाणी. तिथे कोणा अनोळखी माणसाने फोडलेलं सॉफ्टवेअर बसवायचं? डिसेंबर २०२० मध्ये सोलरविंड्सचं प्रकरण उघडकीला आलं तेव्हा कंपनीच्या अधिकृत, सही केलेल्या अपडेटमध्येच घुसखोरांनी आपला कोड घातलेला होता आणि साधारण १८,००० ग्राहकांपर्यंत तो पोचला होता. खऱ्या लायसन्सवाल्यांची ही गत, तर क्रॅकवाल्याने कोणाच्या भरवशावर झोपायचं? मॉनिटरिंगचा सर्व्हर वेगळ्या व्हीलॅनमध्ये (नेटवर्कच्या वेगळ्या काढलेल्या भागात) ठेवा, त्याला इंटरनेट गरजेपुरतंच द्या, आणि स्विचवर त्याला फक्त वाचण्याचा अधिकार द्या.

सर्ट-इन ह्या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचे २८ एप्रिल २०२२ चे निर्देशही वाचून घ्या. आयसीटी (माहिती आणि संचार) यंत्रणांचे लॉग १८० दिवस ठेवायचे, ठरवून दिलेल्या प्रकारच्या सायबर घटना कळल्यापासून ६ तासांत कळवायच्या, आणि सगळ्या यंत्रणांची घड्याळं एनआयसी (राष्ट्रीय माहिती केंद्र) किंवा एनपीएलच्या (राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा) वेळेशी जुळवायची. घड्याळाकडे सगळे दुर्लक्ष करतात. फायरवॉलचं घड्याळ चार मिनिटं पुढे आणि सर्व्हरचं दोन मिनिटं मागे असेल, तर फ्लोची नोंद आणि लॉगिनची नोंद एकमेकांशी कधीच जुळणार नाही.


गिरणगाव_टू_हेसेन

मी जर्मनीत नेटवर्क सांभाळतो. इथली एक गोष्ट सांगावीशी वाटते. कर्मचाऱ्यांचं वर्तन किंवा काम यांवर ज्यातून लक्ष ठेवता येईल असं कुठलंही तांत्रिक साधन आणायचं, तर कामगार परिषदेची संमती लागते (त्यांच्या आस्थापना कायद्याचं कलम ८७). आणि 'आम्ही तसं वापरणार नाही' हे उत्तर तिथे चालत नाही, त्या साधनाने ते होऊ शकतं एवढं पुरतं.

त्यामुळे आमच्याकडे पोर्टच्या ट्रॅफिकचे आलेख पटकन मंजूर झाले. फ्लोला मात्र बैठकांवर बैठका झाल्या. शेवटी ठरलं ते असं: कर्मचाऱ्यांच्या पीसींचे आयपी ठरावीक मुदतीनंतर पुसट करायचे, आयपी आणि नाव यांची जोडणी फक्त सुरक्षेच्या घटनेत, परिषदेचा एक प्रतिनिधी समोर असताना उघडायची. सुरुवातीला मला ही कटकट वाटत होती. आज तिचाच आधार वाटतो, कारण कोणी वरिष्ठ येऊन 'अमका दिवसभर काय करतो ते काढून दे' म्हणाला तर मला नाही म्हणता येतं आणि दाखवायला कागद असतो.


कृष्णाकाठ

हे फार महत्त्वाचं लिहिलंत. आपल्याकडे अशी परिषद नाही, म्हणून ही जबाबदारी आपल्यावरच येते. कॉलेजमध्ये मला हमखास विचारतात, "कोणता विद्यार्थी यूट्यूब बघतोय ते दिसेल का?"

तांत्रिक उत्तर आधी. एचटीटीपीएसमुळे आतला मजकूर दिसत नाही. जोडणी सुरू होताना साइटचं नाव बहुतेक वेळा उघडं जातं, ते पॅकेट तपासणारं सॉफ्टवेअर वाचू शकतं, पण नुसत्या फ्लोमध्ये ते नसतं. तिथे आयपी दिसतो, आणि मोठ्या व्हिडिओ कंपन्यांचे कॅशे सर्व्हर (व्हिडिओच्या प्रती ठेवणारे) बऱ्याचदा आपल्या पुरवठादाराच्याच इमारतीत असतात. मग अहवालात पुरवठादाराचंच नाव सगळ्यात वर येतं आणि प्राचार्य विचारतात, "हे काय मोजलंत?"

दुसरं उत्तर मी स्पष्ट देतो, की लाइन मोजा, माणूस मोजू नका. वसतिगृहाचं वायफाय रात्री दहाला भरत असेल तर प्रत्येक उपकरणाला समान वाटा मिळेल अशी रांग राउटरवर लावा, प्रश्न सुटतो. कोणाचं नाव काढायची गरजच पडत नाही. आणि जे काही मोजतोय ते प्रवेशाच्या वेळी दिल्या जाणाऱ्या नियमपत्रात मराठीत लिहा.


सावली_एस

त्यात एवढं जोडते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात नोकरीच्या कारणासाठी आणि मालकाला नुकसानीपासून वाचवण्यासाठी संमतीशिवाय माहिती हाताळायची काही मुभा आहे. ती मालक-कर्मचारी नात्यापुरती. विद्यार्थ्यांवर ती लावता येत नाही. आणि १८ वर्षांखालच्या मुलांच्या वर्तनाचा मागोवा घेण्यावर वेगळी बंधनं आहेत. कनिष्ठ महाविद्यालय असेल तर नियमपत्रावर भागवू नका, नियमांतल्या शैक्षणिक संस्थांच्या सवलती वाचून मगच ठरवा.


पॅकेट_वाचक

मुक्त सॉफ्टवेअरच्या लायसन्सबद्दल गैरसमज बरेच आहेत, म्हणून दोन-तीन गोष्टी.

झॅबिक्स ६ पर्यंत जीपीएल (मुक्त सॉफ्टवेअरचं एक लायसन्स) आवृत्ती २ वर होतं, २०२४ च्या ७.० पासून एजीपीएल आवृत्ती ३ वर गेलं. आमच्या ग्रुपवर लगेच 'झॅबिक्स पैशाचं झालं' असं फिरलं. तसं काही नाही. तुम्ही ते जसंच्या तसं आपल्या संस्थेत वापरत असाल तर काहीच बदललं नाही. त्याच्या कोडमध्ये बदल करून ती सेवा नेटवर्कवरून इतरांना वापरायला देत असाल, तर बदललेला कोड त्या वापरकर्त्यांना उपलब्ध करून द्यावा लागतो. धागाकर्त्यासारख्या, ग्राहकांसाठी मॉनिटरिंग चालवणाऱ्या फर्मने हे लक्षात ठेवावं.

दुसरं, एनटॉपएनजी, ट्रॅफिक बघायचं सॉफ्टवेअर. मूळ कम्युनिटी आवृत्ती जीपीएल ३ वर, वरच्या आवृत्त्या पैशाच्या, लायसन्स यंत्राच्या ओळख-क्रमांकाला बांधलेलं. मेख अशी की राउटरकडून येणारा नेटफ्लो त्याला द्यायचा तर मध्ये एनप्रोब हे त्यांचंच दुसरं सॉफ्टवेअर लागतं आणि त्याचं लायसन्स वेगळं. कॉलेजांसाठी आनंदाची गोष्ट: शैक्षणिक आणि ना-नफा संस्थांना ते हे लायसन्स फुकट देतात, अर्ज करावा लागतो. मी ओळखतो त्यातल्या बऱ्याच कॉलेजांना हे ठाऊकच नाही. फुकटात फक्त फ्लो साठवून प्रश्न विचारायचे असतील तर एनएफडंप बघा, बीएसडी ह्या मोकळ्या लायसन्सवर आहे. दिसायला रुक्ष, कामाला दणकट.

तिसरं, एनपीकॅप. विंडोजवर पॅकेट पकडायला वायरशार्क हेच वापरतं. फुकट आवृत्ती ५ यंत्रांपर्यंत. फक्त वायरशार्क किंवा एनमॅपसाठी (नेटवर्क तपासायचं साधन) वापरत असाल तर यंत्रांची मर्यादा नाही. पण स्वतः लिहिलेल्या प्रोग्रॅमसाठी तेच ड्रायव्हर चाळीस पीसींवर टाकलंत तर लायसन्स घ्यावं लागेल. हे ऑडिटमध्ये निघतं, कारण वायरशार्क मुक्त आहे म्हणून त्याच्यासोबत आलेलं सगळंच मुक्त असं लोक धरून चालतात.


झुळूक

राउटरच्या पानावर सापडलं. टीव्हीच! मुलं झोपल्यावरही एक अ‍ॅप आपोआप पुढचा भाग लावत होतं. आभार.


पोर्ट_मास्तर

फ्लोबद्दल एक प्रश्न राहिला. आमच्या सिस्को राउटरवरून नेटफ्लो सुरू केलंय. लाइनचा एसएनएमपी आलेख सपाट ४० मेगाबिट दाखवतो, फ्लोचा आलेख मात्र अर्धा तास शांत आणि मग एकदम उंच सुळका. विक्रेता म्हणतो वरची आवृत्ती घ्या.


बत्तीस_बिट

वरच्या आवृत्तीची गरज नाही, राउटरवर एक आकडा बदलायचाय. राउटर चालू असलेल्या जोडणीची नोंद लगेच पाठवत नाही. जोडणी संपली की पाठवतो, किंवा 'अ‍ॅक्टिव्ह टाइमआउट' उलटला की. सिस्कोवर तो मूळचा ३० मिनिटांचा असतो. कोणी दोन तास मोठी फाइल उतरवत असेल तर त्याचे बाइट अर्ध्या-अर्ध्या तासाच्या गठ्ठ्यात येतात, आणि सॉफ्टवेअर तो गठ्ठा आला त्या मिनिटावर टाकतं. टाइमआउट १ मिनिट करा. नोंदी वाढतील, डिस्क थोडी जास्त लागेल, राउटर फार जुना असेल तर सीपीयूवर नजर ठेवा. सॉफ्टवेअरच्या बाजूलाही तोच आकडा भरा.


पोर्ट_मास्तर

बदललं. दोन्ही आलेख आता एकमेकांवर बसतायत.


गोदाकाठची

लिहीन म्हणाले होते. आलेख लावले. संध्याकाळी सात ते साडेनऊ बाहेर जाणारी दिशा पूर्ण भरलेली, आत येणारी निम्मीसुद्धा नाही. बॅकअप रात्री एकला हलवला आणि पॅक्स (स्कॅनची चित्रं ठेवणाऱ्या) सर्व्हरच्या ट्रॅफिकला फायरवॉलवर अग्रक्रम दिला. काल डॉक्टरांचा फोन आला नाही, म्हणून मीच केला, तर म्हणाले उघडतंय नीट.

आता प्रशासन विचारतंय की फुकटातच चालतंय तर लायसन्स घ्यायचंच कशाला. पुढच्या वर्षी नवीन इमारत येतेय, ९ स्विच वाढतील. काय सांगू?


कृष्णाकाठ

९ गुणिले ४, म्हणजे ३६. तुमचे १२ शिल्लक आहेत, २४ कमी पडतील. पैसे घालायचेच असतील तर ५०० सेन्सरच्या टप्प्याची वर्गणी पुरेशी आहे, १००० ची नको. कोटेशन मागवताना त्यावर १८ टक्के जीएसटी धरून आणि तीन वर्षांची एकूण रक्कम लिहून मागा, पहिल्या वर्षाची सवलत वेगळी दाखवायला सांगा. दुसरा रस्ता म्हणजे तोवर एका जुन्या सर्व्हरवर लिब्रेएनएमएस शेजारी चालवून बघा. तुमच्याकडे लिनक्स सांभाळणारं कोणी आहे का, त्यावर ते अवलंबून आहे. एकट्या तुम्हीच असाल आणि रजेवर गेल्यावर त्याला हात लावणारं कोणी नसेल, तर वर्गणी घ्या. ते पैसे वाया जात नाहीत.


गोदाकाठची

सध्या एकटीच आहे. जूनमध्ये एक जण रुजू होतोय, त्याला लिनक्स येतं का ते विचारून मग ठरवते. तीन वर्षांच्या एकूण रकमेचं कोटेशन आजच मागवलं.